भुताची गोष्ट : जागलीपासून कादंबरीपर्यंत

भीती ही कोणालाच नको असते. अंधाऱ्या पांदणीतून एकट्याने बैलगाडी हाकीत यायची वेळ आली, म्हणजे मोठ्या छातीचा कास्तकारदेखील उगाचच मोठ्याने गाणे म्हणू लागतो. पण तोच मनुष्य वावरात जागलीला गेला, शेकोटी पेटली, भोवती चार सोबती जमले, की आपण होऊन म्हणतो, "सांग ना गा एखादी भुताची गोठ!" गोष्ट रंगत जाते तसतसे मंडळी एकमेकांजवळ सरकतात. आणि ती संपली की कोणीतरी म्हणतोच, "आता दुसरी सांग."

जी भीती पांदणीत नको होती ती शेकोटीपाशी हवीशी का वाटावी? आणि शेकोटीपाशी सांगितली जाणारी ही गोष्ट छापील पुस्तकात, पुढे कादंबरीत कशी जाऊन बसली? हाच आजच्या भाषणाचा विषय आहे. हा विषय केवळ करमणुकीचा आहे असे मात्र कोणी समजू नये. भुताची गोष्ट ऐकून हसणारे गाव आणि भुताच्या नावाने एखाद्या बाईला छळणारे गाव, ही दोन्ही गावे आपल्याच मुलखात आहेत. त्या दोहोंमध्ये फरक कशाने पडतो, हे समजून घेण्यासाठी हा इतिहास पाहावयाचा.

आपल्या शास्त्रकारांना ही भीतीची गोडी फार पूर्वी उमगली होती. भरतमुनीने नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले, त्यांत भयानक रसाला मानाने जागा दिली. त्याचा वर्ण काळा आणि देवता काल, असेही सांगून ठेवले. रस म्हणजे ज्याची चव घ्यायची ते. भय हा मनातला भाव. पण तोच रंगभूमीवर किंवा कथेत आला की त्याचा रस होतो. आंबट चिंच आणि चिंचेचे सार यांत जेवढा फरक, तेवढाच समजा. चिंच तीच, पण मध्ये कोणाचा तरी हात फिरला.

आता भुताच्या गोष्टींचे आद्यपीठ कोणते, असे कोणी विचारले तर आपल्याला दूर जावयास नको. ते गोदावरीच्या काठी पैठणला आहे. तेव्हा त्याचे नाव प्रतिष्ठान होते. सातवाहन राजाच्या पदरी गुणाढ्य नावाचा पंडित होता. राजाला संस्कृत शिकविण्यावरून दुसऱ्या पंडिताशी त्याची पैज लागली. गुणाढ्य म्हणाला, मी सहा वर्षांत शिकवीन. दुसरा म्हणाला, मी सहा महिन्यांत. गुणाढ्य पैज हरला आणि ठरल्याप्रमाणे त्याला संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडाव्या लागल्या. तो विंध्याच्या अरण्यात गेला. तिथे उरली ती फक्त पिशाचांची भाषा, पैशाची. काणभूती नावाच्या पिशाचाच्या तोंडून त्याने कथा ऐकल्या आणि सात वर्षे खपून सात लाख श्लोकांचा ग्रंथ लिहिला. रानात शाई कुठली? म्हणून त्याने तो आपल्या रक्ताने लिहिला.

राजाने ग्रंथ पाहिला आणि नाक मुरडले. भाषा पिशाचांची, शाई रक्ताची! गुणाढ्याने टेकडीवर अग्नी पेटविला. एकेक पान तो मोठ्याने वाची आणि आगीत टाकी. रानातील पशू चरणे सोडून भोवती जमले आणि डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिले. इकडे राजवाड्यात शिकारीचे मांस निःसत्त्व येऊ लागले, राजाची प्रकृती बिघडली. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला की, जनावरे चरतच नाहीत, गोष्टी ऐकत बसतात. राजा धावत गेला. तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते, एक लाख उरले होते. तीच बृहत्कथा.

ही दंतकथा आहे, हे उघडच आहे. मूळ बृहत्कथा आज उपलब्ध नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने सूर्यवती राणीच्या करमणुकीसाठी तिच्या आधाराने कथासरित्सागर रचला, त्यात हा वृत्तान्त येतो. पण दंतकथेतले मर्म पाहा. दरबाराने ज्या गोष्टीला नाक मुरडले तिच्यासाठी रानाने चारा सोडला. भुताखेतांच्या गोष्टींच्या नशिबी हा प्रकार पुढेही अनेकदा आला. विद्वानांनी तिला पंगतीत बसू दिले नाही आणि सामान्य वाचकाने तिला दारातून जाऊ दिले नाही.

याच कथासरित्सागरात वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत. विक्रम राजा आणि त्याच्या पाठीवरचे प्रेत आपल्यातील लहान मुलांनाही ठाऊक आहे. सोमदेवाच्या ग्रंथात त्या राजाचे नाव त्रिविक्रमसेन असून त्याची राजधानी गोदेच्या काठचे प्रतिष्ठान आहे. म्हणजे वेताळाला खांद्यावर घेणारा राजा आपल्या मराठी मुलखातला! एक भिक्षू त्याला रोज एक फळ आणून देतो. पुढे कळते की प्रत्येक फळात रत्न आहे. उपकाराने बांधलेला राजा भिक्षूच्या सांगण्यावरून अंधाऱ्या रात्री स्मशानात जातो, झाडाला टांगलेले प्रेत खांद्यावर घेतो, आणि प्रेतातला वेताळ बोलू लागतो. दर खेपेस एक गोष्ट, गोष्टीच्या शेवटी एक कोडे. राजाने उत्तर दिले की वेताळ पुन्हा झाडावर.

हे सर्वांना आठवते. पण शेवट फार थोड्यांच्या ध्यानात असतो, आणि मला तर तोच सर्वांत मोलाचा वाटतो. शेवटी वेताळ राजावर प्रसन्न होतो आणि त्याला सावध करतो, "तो भिक्षू तुझा बळी देणार आहे. तो तुला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल, तेव्हा तू म्हण की आधी करून दाखव." राजा तसेच करतो आणि वाचतो. मंडळी, भूत कोणते आणि घातकी कोण, याचा निवाडा आपल्या सर्वांत जुन्या भूतकथेनेच असा करून ठेवला आहे. वेताळाने राजाला नुसते भ्यायला लावले. जीव घ्यायला निघाला होता तो रोज फळ आणून देणारा मनुष्य.

आता पैठणाहून आपल्या वऱ्हाडात येऊ. अकोल्याहून विसेक किलोमीटरवर बार्शीटाकळी आहे. अकोला ते पूर्णा लोहमार्गावर तिचे स्थानक लागते. तेथे कालंका देवीचे जुने दगडी देऊळ आहे. अशा चुना न वापरता दगडावर दगड बसवून बांधलेल्या देवळांना आपण हेमाडपंती म्हणतो. एवढाले दगड कोणी उचलले असतील, हे कोडे आपल्या वाडवडिलांनाही पडले होते, आणि त्याचे उत्तर त्यांनी गोष्टीतूनच काढले. हेमाडपंताने म्हणे लंकेच्या बिभीषणाला दुखण्यातून बरे केले. बिभीषणाने त्याला राक्षस दिले आणि त्या राक्षसांनी ही देवळे उभी केली! मोठी रंगतदार गोष्ट आहे. पण याच देवळात एक शिलालेख आहे, तो शके १०९८ चा, म्हणजे इसवी सन ११७६-७७ चा. त्यात हेमाद्रिदेव नावाच्या राजाचे नाव येते. देवगिरीच्या यादवांचा प्रसिद्ध प्रधान हेमाद्री पंडित झाला तो त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. म्हणजे हे देऊळ त्या हेमाडपंताचेही नव्हे आणि राक्षसांचे तर नव्हेच. ते पाथरवटांचे आहे. छिन्नी-हातोड्याच्या आणि हिशेबाच्या जोरावर उभे राहिलेले आहे.

म्हणून काय राक्षसांची गोष्ट टाकून द्यावी? मुळीच नाही. गोष्ट गोष्टीच्या जागी ठेवावी, लेख लेखाच्या जागी वाचावा. गुरुजींनी मुलांना देवळापाशी नेऊन दोन्ही सांगावे. गोष्टीने मुलांचे डोळे मोठे होतील आणि शिलालेखाने ते उघडतील.

खेड्यातल्या भुतांचेही असेच आहे. जरा त्यांची खानेसुमारी करू. पिंपळावर मुंजा. विहिरीत आणि डोहात साती आसरा. ओसाड वाड्यात धन राखणारा समंध. वाटेत गाठणारी हडळ, आडदांड खवीस, गावकुसाबाहेर शेंदूर लावलेला वेताळ, आणि वावरात माणसाला रात्रभर फिरविणारा चकवा. प्रत्येकाची हद्द ठरलेली. नीट पाहिले तर ध्यानात येते की, ज्या जागी खरोखर धोका आहे तेथेच बहुधा भुताचे ठाणे बसविलेले असते. खोल डोहाकडे पोर जाऊ नये म्हणून आईने किती वेळा बजावावे? आसरा ओढून नेतात म्हटले की ते पोर आपसूक काठावर थांबते. पडक्या वाड्याची भिंत कधी अंगावर येईल याचा नेम नसतो. तिथे समंध बसविला की कोणी आत शिरत नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या काळातला तो सूचनाफलकच म्हणा ना!

चकव्याची गोष्ट तर विज्ञानानेही तपासून पाहिली आहे. रात्री वावरातून निघालेला मनुष्य सरळ चाललो असे समजून पुन्हा त्याच धुऱ्यावर येतो. चकवा लागला, असे आपण म्हणतो. जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी काही माणसांना घनदाट जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितले आणि ती कोणत्या वाटेने जातात ते यंत्राने टिपले. त्याचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसे बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरून आले, चंद्र मावळला, की तीच माणसे नकळत गोल फिरू लागली आणि आपलीच वाट पुन्हा ओलांडू लागली. आपल्या आज्यांनी जे पाहिले होते ते खोटे नव्हते. फक्त फिरविणारा बाहेर नव्हता. दिशेचा अंदाज हळूहळू चुकत जातो, तोच चकवा.

तोंडी गोष्टीला छापखाना भेटला तो इंग्रजी अमदानीत. मराठीत छापील पुस्तके निघू लागली तेव्हा पहिल्या काही पुस्तकांतच आपला वेताळ येऊन बसला. सदाशिव काशीनाथ छत्रे, ज्यांना बापू छत्रे म्हणत, त्यांनी इसापनीती मराठीत आणली आणि १८३० च्या सुमारास वेताळपंचविशीही आणली. शाळाखात्याच्या आरंभीच्या पुस्तकांशेजारी वेताळ बसला, हे शिक्षक मंडळींनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकर प्रभृतींनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणल्या, आणि जिनांनी व राक्षसांनी मराठी घराचा उंबरठा ओलांडला.

कादंबरीचा जन्मही याच सुमाराचा. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची मुक्तामाला १८६१ साली निघाली, नारो सदाशिव रिसबूड यांची मंजुघोषा १८६८ साली. अद्भुत प्रसंग, संकटे, कपटी माणसे, अकस्मात भेटी यांची त्यांत रेलचेल होती. लोकांनी नावे ठेवली की असे कोठे घडते काय? रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत त्याचे कारण दिले आहे. त्यांचा आशय असा की, आपल्या लोकांचा संसार इतका ठरावीक चाकोरीचा आहे की त्यातून मनोरंजक कादंबरी निघायची नाही, म्हणून अद्भुताकडे वळावे लागते. पुढे हरिभाऊ आपट्यांनी १८९० नंतर त्याच चाकोरीतल्या संसारातून, एका साध्या विधवेच्या आयुष्यातून, काळीज हलविणारी कादंबरी काढून दाखविली. तेव्हापासून वास्तव कादंबरी उच्चासनी बसली आणि अद्भुत कादंबरी ओसरीवर आली.

ओसरीवर आली तरी तिचे गिऱ्हाईक तुटले नाही. गो. ना. दातारशास्त्री यांनी इंग्रज लेखक रेनॉल्ड्स याच्या कादंबऱ्यांना धोतर-पगडी नेसवून मराठीत आणले. कालिकामूर्ति, इंद्रभुवनगुहा ही नावेच पाहा! भुयारे, तळघरे, गुप्त दरवाजे, मध्यरात्रीचे आवाज. नाथमाधवांचा वीरधवल १९१३ चा, तोही याच घराण्यातला. या कादंबऱ्यांतली भीती बव्हंशी माणसांनी घडविलेली असे. शेवटच्या प्रकरणात पडदा सरकला की कारस्थानी मनुष्य सापडे. पुढे बाबुराव अर्नाळकरांनी झुंजार आणि काळा पहाड यांच्या रहस्यकथा हजारांवर लिहिल्या, त्यांचीही रीत हीच. मला यात एक गुण दिसतो. ज्या वाचकाला भूत म्हणजे कोणाचे तरी कारस्थान असू शकते अशी सवय लागली, तो वाचक भगताच्या अंगाऱ्याकडेही जरा डोळे बारीक करून पाहू लागतो.

सातासमुद्रापलीकडेही अशाच घडामोडी चालल्या होत्या. इंग्लंडात होरेस वॉल्पोल याने १७६४ साली ऑट्रांटोच्या किल्ल्याची कादंबरी लिहिली, तेथून भयकादंबरीची परंपरा धरतात. मेरी शेलीची फ्रँकेन्स्टाइन १८१८ ची आणि ब्रॅम स्टोकरची ड्रॅक्युला १८९७ ची. पण त्याआधी सत्तावीस वर्षे, १८७० साली, रिचर्ड बर्टन याने आपल्या विक्रम-वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या होत्या आणि पुस्तकाच्या नावात वेताळाला सरळ रक्तपिपासू भुताचा हुद्दा देऊन टाकला होता! म्हणजे देवघेव दोन्ही बाजूंनी चालली होती.

स्वराज्यानंतर मराठीत मासिकांचा बहर आला. अनंत अंतरकरांनी १९४६ साली हंस, १९५० साली मोहिनी आणि १९५४ साली नवल मासिक काढले. नवलाने अद्भुत, गूढ आणि भयकथांना हक्काचे घर दिले. गावच्या वाचनालयात दिवाळी अंक आला की पहिला कोणाकडे जाणार यावरून भांडणे होत. १९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, लहान गावांच्या वाचनालयांनाही अनुदान मिळू लागले, आणि ही पुस्तके तालुक्याच्या पलीकडे पोचली.

या काळात दोन लेखकांनी मराठी भयकथेला स्वतःचा चेहरा दिला. पहिले नारायण धारप. जन्म १९२५, मृत्यू २००८. शिक्षण विज्ञान-तंत्राचे, आणि लेखन भुतांचे! पण त्या शिक्षणाचा उपयोग त्यांच्या कथेत दिसतो. धारपांचे भूत एकदम अंगावर येत नाही. आधी एक साधे घर येते. भाड्याने घेतलेले किंवा वारशाने मिळालेले. नोकरदार माणूस, त्याची बायको, मुले, सामानाची लावालाव. मग एक दार, जे नीट लागत नाही. एक खोली, जी इतर खोल्यांपेक्षा थंड आहे. प्रत्येक गोष्टीला साधे कारण असू शकते, आणि वाचक स्वतःच ती कारणे शोधू लागतो. एकेक कारण गळून पडते तशी भीती वाढत जाते. हिशेबनीस जमाखर्च मांडतो तसे ते भय मांडतात. त्यांचा समर्थ हा नायक अशुभ शक्तींशी झुंजतो, तो मात्र भित्र्या माणसाकडून पैसे उकळणारा मांत्रिक नव्हे. तो धीर देणारा आहे.

धारपांनी पाश्चात्य लेखकांचे ऋण घेतले, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या स्टीफन किंग याने १९७५ साली एका गावाची कादंबरी लिहिली, ज्यात एकेक घर रात्रीतून पिशाचाच्या ताब्यात जाते. तिच्यावरून धारपांनी लुचाई लिहिली. त्याच लेखकाच्या १९८६ च्या एका प्रचंड कादंबरीवरून त्यांची शपथ आली. लहानपणी एकत्र येऊन दुष्टाशी लढलेली मुले मोठेपणी पुन्हा एकत्र येतात, असा तो विषय. दातारशास्त्र्यांनी रेनॉल्ड्सला पगडी घातली, धारपांनी किंगला वाड्यात आणून बसविले. बियाणे परके असले तरी जमीन आपली असली की पीक आपल्या चवीचे येते.

दुसरे रत्नाकर मतकरी. जन्म १९३८, मृत्यू १७ मे २०२०. आकाशवाणीच्या श्रोत्यांना त्यांचे अगत्य वाटावे असे एक कारण आहे. १९५५ साली, वयाच्या सतराव्या वर्षाच्या आतच, त्यांची 'वेडी माणसं' ही एकांकिका मुंबई आकाशवाणीवरून सादर झाली आणि तेथून त्यांच्या लेखनाला आरंभ झाला. खेकडा, मध्यरात्रीचे पडघम, निजधाम असे त्यांचे गूढकथांचे संग्रह पुष्कळ आहेत. मतकरी भुतापेक्षा माणसाच्या मनात अधिक उतरतात. मत्सर, अपराधाची टोचणी, एकटेपणा, अपुरी राहिलेली इच्छा यांतूनच त्यांचे भय उगवते. गोष्ट संपल्यावर वाचक पलंगाखाली बघत नाही, आपल्या स्वभावाकडे बघतो. आणि याच लेखकाने मुलांसाठी अलबत्या गलबत्या हे नाटक लिहिले. त्यातली चेटकीण रंगमंचावर आली की नाट्यगृहातली पोरे आधी किंचाळत आणि मग खदखदा हसत. ज्या शब्दाने कैक गावांत एखाद्या म्हातारीचे जिणे नकोसे केले, त्या शब्दाला हसायला पोरांना शिकविले, ही लहान कामगिरी नव्हे.

गोष्टीचा प्रवास कसा असतो पाहा. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात, म्हणजे आपल्या विदर्भातच, राही अनिल बर्वे या तरुणाला मित्राने रात्री एक गोष्ट सांगितली. ती होती धारपांची 'आजी'. त्या भीतीने त्याच्या मनात घर केले आणि त्यातूनच पुढे २०१८ साली त्याचा तुंबाड हा चित्रपट आला. धारपांच्या त्या गोष्टीचे मूळ पुन्हा किंगच्या एका कथेत. म्हणजे अमेरिकेत छापलेली गोष्ट पुण्यात मराठी झाली, नागझिऱ्यात शेकोटीची गोष्ट झाली आणि शेवटी पडद्यावर गेली. छापखाना आला, रेडिओ आला, सिनेमा आला, तरी अंधारात एकाने सांगावे आणि दुसऱ्याने ऐकावे हा मूळ धागा काही तुटला नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. पुष्कळ पालक आणि काही शिक्षकही विचारतात, असली पुस्तके मुलांच्या हाती द्यावी काय? त्यांनी अंधश्रद्धा वाढत नाही काय? प्रश्न योग्य आहे. तो झटकून टाकता येणार नाही, कारण अंधश्रद्धेची किंमत आपल्या भागाने फार मोजली आहे. साप चावलेल्या माणसाला दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे नेण्यात गेलेली घटका ही बहुधा परत येत नाही. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. ते प्रकार या शतकातही घडले आहेत. अंगात आले म्हणून बाईला मारणे, करणी केली म्हणून शेजारणीवर धावून जाणे, गुप्तधनासाठी बळी देऊ पाहणे, या काही कादंबरीतल्या गोष्टी नव्हेत.

याविरुद्ध आपल्याच मातीतून आवाज उठला. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी १९५६ पर्यंत, देह ठेवीपर्यंत, गावोगाव कीर्तनातून लोकांना प्रश्न विचारले. ते उपदेश थोडा करीत, प्रश्न फार विचारीत, आणि उत्तर लोकांच्याच तोंडून वदवीत. पुढे विदर्भात आणि पश्चिम महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या संघटना उभ्या राहिल्या. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी कायद्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा कायदा विधिमंडळाने संमत केला. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करीत बसणे, हे त्या कायद्याने गुन्हे ठरविले. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

हा कायदा नीट वाचला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. त्याने भुताच्या गोष्टीला हात लावलेला नाही. भुताच्या नावावर दुसऱ्याला लुबाडणाऱ्या आणि छळणाऱ्या माणसाला त्याने हात घातला आहे. वेताळाने राजाला जो इशारा दिला तोच कायद्याने आपल्याला दिला.

पुस्तकातले भूत आणि भगताचे भूत यांत फरक असा आहे. पुस्तकातले भूत पहिल्या पानावर येते आणि शेवटच्या पानावर जाते. पुस्तक मिटले की त्याची सत्ता संपते. ते कोंबडे मागत नाही, लिंबू मागत नाही, शेजारणीचे नाव सांगत नाही. भगताच्या भुताला शेवटचे पान नसते. आज कोंबडे दिले तर उद्या बकरा, परवा वावराचा सातबारा. शिवाय पुस्तक वाचणाऱ्याला ठाऊक असते की हे कोणीतरी रचलेले आहे. रचणारा आपले नाव पुठ्ठ्यावर छापतो. भगत हा मात्र आपणच रचलेली गोष्ट देवाच्या नावावर खपवितो. म्हणून ज्याला रचलेली गोष्ट ओळखता येते, त्याला फसविणे कठीण जाते.

तेव्हा गुरुजनांना माझे सांगणे एवढेच की, भयकथेला शाळेच्या कपाटाबाहेर ठेवू नका, पण ती देताना सोबत बसा. लहानग्यांना वेताळपंचविशी वाचून दाखवा आणि प्रत्येक कोड्याचे उत्तर त्यांच्याकडून काढा. मोठ्या मुलांच्या हाती धारप, मतकरी द्या. वाचून झाल्यावर विचारा, तुला पहिल्यांदा भेव कोणत्या पानावर वाटले? तेथे लेखकाने काय केले होते? कोणती गोष्ट सांगायची टाळली होती? मूल असे मागे वळून पाहू लागले म्हणजे भीती त्याच्या मुठीत येते. गावातल्या भुतांच्या गोष्टीही मुलांकडून लिहवून घ्या; आजी-आजोबांच्या तोंडची वऱ्हाडी बोली जशीच्या तशी उतरू द्या. कोणती गोष्ट कोणत्या विहिरीची, कोणत्या झाडाची, हे टिपले म्हणजे गावाचा जुना नकाशाच हाती येईल. नाही तर विहीर बुजेल, पिंपळ तुटेल आणि गोष्टही जाईल. फक्त ज्या गोष्टीत एखाद्या जित्या माणसाकडे, एखाद्या घराकडे बोट दाखविलेले असेल, ती तेथेच थांबवा आणि मुलांना त्याचे कारण सांगा. तेथे गोष्ट संपून छळ सुरू होतो.

आणि ज्यांना शाळा-पुस्तकाशी कर्तव्य नाही अशा माझ्या कास्तकार बंधूंनीही जागलीची गोष्ट सोडू नये. मोबाइलच्या उजेडात ती जरा फिकी पडली आहे, पण रात्र अजून तेवढीच लांब आहे. गोष्ट सांगा, ऐका, अंगावर काटा येऊ द्या. पण कोणी सापाने डसला, कोणाचे लेकरू तापाने फणफणले, कोणाची सून गप्प गप्प राहू लागली, तर गोष्ट तिथेच ठेवून दवाखान्याची गाडी जुंपा. आणि रोज फळ आणून देणारा कोणी दारात आला, साष्टांग घाल म्हणाला, तर त्याला म्हणा, आधी तू करून दाखव.